नोव्हेनाचा नववा दिवस

"हालेलुया!" हिल्डा टीचरनी हात वर केले आणि त्यांच्यामागे चौदा जणांनी. खाटेवरचे हिलरीबाबा छताकडे बघत पडले होते. पक्षाघाताने अर्धं अंग गेलेलं, हात उचलणार कुठून? नऊ दिवस चालणाऱ्या प्रार्थनेची, नोव्हेनाची, आज आठवी संध्याकाळ होती.

महिन्यापूर्वी रिट्रीटला, प्रार्थनेच्या शिबिराला, जाऊन आल्यापासून टीचर पार बदलल्या होत्या. तीस वर्षं पापडी गावातल्या पोरांना पाढे घोकवून मन कोरडंठाक झालेलं, ते एकदम भरून आलं. रविवारी चर्चला जमलेल्या सगळ्यांसमोर उभं राहून त्यांनी शब्द दिला, "माझी रोजची संध्याकाळ प्रभूची." नुसतं बोलून थांबल्या नाहीत हं! गट जमवला आणि थेट हिलरीबाबांचं घर गाठलं. बाबांची सून अँजेलिना रोज प्रार्थनेच्या वेळी दाराला टेकून रडायची. ते बघून टीचर सुखावायच्या. पवित्र आत्मा घरात उतरलाय, आणखी काय हवं!

आज प्रार्थना संपली तरी चहा येईना. टीचर स्वतःच आत गेल्या. चुलीवर चहा उतू जात होता आणि अँजेलिना हातात गाळणं धरून, भिंतीला टेकून, उभ्या उभ्या झोपली होती. मागच्या दाराशी बाबांच्या घाणीने भरलेल्या चादरींचा ढीग पडलेला. शेजारी साखरेचा डबा रिकामा. महिन्याची रेशनची साखर गटाच्या चहाने आठ दिवसांत संपवली होती.

"अगं पोरी!" टीचरनी घाईघाईने पातेलं उतरवलं.

अँजेलिना दचकली. "चुकलं हो, टीचर. नवरा मस्कतला, रात्रभर बाबांची कूस मी एकटीच बदलते." आणि तिचा बांध फुटला. "देवाला एक सांगाल? उद्या तुम्हांला दुसऱ्या कुणाच्या तरी घरी पाठव म्हणावं."

टीचरना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर येऊन त्यांनी गटाला सांगितलं, "उद्या इथे कुणी यायचं नाही."

"नोव्हेना मोडायची?" गटातला फर्डिनंड जवळजवळ ओरडलाच. "एक दिवस राहिलाय, टीचर! प्रभूला दिलेल्या शब्दाचं काय?"

 टीचर मान खाली घालून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या एकट्याच आल्या. पदर खोचला आणि अँजेलिनाला म्हणाल्या, "तू आडवी हो." ती नको नको म्हणता म्हणता गाढ झोपली. टीचरनी बाबांना पुसून काढलं, पेज भरवली, कुशीवर वळवलं. आठ दिवस प्रार्थनेत बाबांच्या डोक्यावर हात ठेवले होते. पाठीवरच्या जखमा मात्र आज पहिल्यांदा दिसल्या. मग चादरी उचलून त्या विहिरीवर बसल्या. वास नाकात भरत होता. दात आवळून त्या धूत राहिल्या.

दिवेलागणीला अँजेलिना धडपडत बाहेर आली.

"अगो बाई, टीचर! मी झोपूनच राहिले. प्रार्थना झालीसुद्धा?"

टीचरनी ओली चादर धोंड्यावर आपटली.

"चालू आहे अजून. तू जा, झोप."