बाईंचं इंग्रजी

तपासनीस साहेब मागच्या बाकावर बसले, त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि बाईंनी हातातला खडू जपून टेबलावर ठेवला. आज वर्गात कुणाच्या हातून काहीही पडू नये, एवढीच त्यांची प्रार्थना होती. काही पडलं की संपलंच!

बाई या परक्या देशात मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायला आल्या, त्याला वर्ष होत आलं होतं. त्यांना इथल्या भाषेचा गंध नव्हता आणि वर्गाला मराठीचा. म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी दंडक घातला होता: दारातून आत पाऊल टाकलं की फक्त इंग्रजी. बस ड्रायव्हर, न्हावी, नर्स, पहिल्या बाकावरच्या आजी, सगळ्यांनी तो अगदी शपथ घेतल्यासारखा पाळला. गेल्या बुधवारी मात्र न्हाव्याने वही पुढे केली आणि विचारलं, "टीचर, 'अय्या'चं स्पेलिंग काय?"

बाई मटकन खुर्चीत बसल्या.

दंडक वर्गाने पाळला होता, बाईंनी नव्हता. खडू मोडला की त्या 'अरे देवा!' म्हणत. उत्तर बरोबर आलं की 'शाब्बास!', ठेच लागली की 'आई गं!', उशीर झाला की 'चला, चला!' आणि कुणाची नवी पर्स दिसली की 'अय्या!' टीचरच्या तोंडून येतं ते इंग्रजीच, असं समजून वर्गाने सगळं टिपून घेतलं होतं. नुसतं टिपलं नव्हतं, राजरोस वापरात आणलं होतं. झुबकेदार मिशांचा ड्रायव्हर तर चांगली बातमी ऐकली की हनुवटीला बोट लावून 'अय्या!' म्हणायचा.

"काल बसमध्ये एक इंग्रज चढला," तो त्या दिवशी सांगत होता. "मी त्याला 'चला, चला' म्हटलं, तर नुसता बघतच राहिला. त्याचं इंग्रजी जरा कच्चं होतं, टीचर."

बाईंना हसावं की रडावं कळेना. नोकरीची मुदत संपत आली होती. साहेबांचा शेरा चांगला पडला तरच ती वाढणार, नाहीतर बोजाबिस्तरा गुंडाळून घरी. आणि बाईंना घरी जायचं नव्हतं. या वर्गावर त्यांचा जीव जडला होता. त्यांनी थोरल्या बहिणीला फोनवर तसं सरळ सांगूनही टाकलं.

"मग तोंडाला कुलूप लाव," ताई म्हणाली. "त्यांच्या आधी तुझ्या!"

बाईंनी आठवडाभर फळ्यावर यादी लिहून एकेक शब्द वर्गाच्या वह्यांतून खोडायला लावला. सगळे हिरमुसले. "पण मला हेच तर सगळ्यात चांगलं येतं," आजी म्हणाल्या आणि वही मिटून बसल्या.

आजचा धडा होता डॉक्टरकडे जाण्याचा. न्हावी आजारी पडला, नर्स डॉक्टर झाली. दोघंही घोकलेलं बोलत होती. बाकीचे हाताची घडी घालून बसले होते. साहेबांनी दोनदा जांभई दाबली. वर्ग इतका शहाणा झाला होता की बाईंनाच तो ओळखू येईना. तेवढ्यात फळ्याचा स्टँड कलला आणि फळा धाडकन बाईंच्या पायाशी आदळला.

"अरे देवा!" कुणीतरी किंचाळलं.

त्या बाईच होत्या.

मग काय विचारता! "अरे देवा!" न्हावी आजारपण विसरून उठला. नर्सने बाईंच्या पायाची चौकशी केली, कुणी बर्फ आणायला सांगितलं, न्हावी आपल्या दुकानातला आरसा कसा पडला होता ते सांगू लागला, कुणी त्याची वाक्यं दुरुस्त करू लागलं. सगळं इंग्रजीत, सगळे एकदम, हसत खिदळत. "चला, चला!" म्हणत चौघांनी फळा उचलला. तो जागेवर बसला आणि ड्रायव्हरच्या मिशांतून आनंदाने बाहेर पडलं, "अय्या!"

बाईंनी डोळे मिटून घेतले. मनातल्या मनात त्यांनी बॅग भरायलाही घेतली.

साहेब पुढे आले. टेबलावर कागद ठेवून त्यांनी भराभर लिहिलं आणि सही ठोकली. बाईंनी एक डोळा उघडून वाचलं. मुदतवाढ, दोन वर्षं.

"साहेब," बाईंना खोटं बोलवेना, "ते शब्द इंग्रजी नाहीत. माझ्या भाषेतले आहेत."

"आत्ता कळलं!" साहेब म्हणाले. "वर्षभर सगळे शब्दकोश पालथे घालतोय मी."

वर्षभर? साहेब तर वर्गात आज पहिल्यांदाच आले होते. बाई विचारणार, तोच साहेब जायला वळले आणि त्यांचा गुडघा पहिल्या बाकावर आपटला.

"आई गं!" साहेब कळवळले.

आजी वाकल्या, त्यांनी साहेबांचा गुडघा चोळला आणि "शाब्बास!" म्हणून त्यांची पाठ थोपटली. मग बाईंकडे वळून त्या शुद्ध इंग्रजीत म्हणाल्या, "माझा थोरला. घरी सगळ्यांना मीच शिकवते."