आजपासून तू भाऊ

कप्तानने पुन्हा हातोडा हाणला. व्हाइसच्या पकडीत आवळलेल्या दोन्ही लोखंडी पट्ट्या वाकल्या, पण त्यांचा जोड काही सुटला नाही. नव्या मुलीने केलेलं ते पहिलंच वेल्डिंग.

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये शर्यतीची गाडी बांधणाऱ्या टीमची ही जुनी परीक्षा. जोड टिकला तर टीममध्ये जागा, नाहीतर पुढच्या वर्षी या. कप्तान स्वतः मुलगीच. पहिल्या वर्षाला तिचा जोड टिकला, तेव्हा सीनियरांनी पाठीवर थाप मारून म्हटलं होतं, "आजपासून तू भाऊ." पुढे कित्येक दिवस तिचे पाय जमिनीवर नव्हते.

आज तीच थाप तिने नव्या मुलीच्या पाठीवर मारली. "आजपासून तू भाऊ."

मुलगी हसली नाही. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. "आणि तुटला असता तर?"

"तर ताई," मागून गाडीचा ड्रायव्हर म्हणाला. तो टीममधला चेष्टेखोर. "मुलगा असो की मुलगी, तुटला की ताई. आपल्याकडे भेदभाव नाही."

सगळे खो खो हसले. कप्तानही हसली, सवयीने.

"मला धाकटा भाऊ ताई म्हणतो," मुलगी म्हणाली. "त्याचं काही मोडलं, की जोडायला माझ्याकडेच घेऊन येतो."

कप्तानचं हसू ओठांवरच राहिलं. इतके दिवस ती भाऊ म्हणून मिरवत होती, आणि ताईमध्ये कमी काय, हे तिने कधी कुणाला विचारलंच नव्हतं. तिला स्वतःचा राग आला. पण रागापेक्षा कुतूहल मोठं होतं. उलटं करून पाहिलं तर?

कोपऱ्यात दुसरा उमेदवार, एक उंच मुलगा, इतका वेळ ठिणग्यांत बुडालेला होता. मशीनच्या आवाजात त्याला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. जोड निवल्यावर त्याने तो आणून दिला आणि श्वास रोखून शेजारी उभा राहिला. कप्तानने जराही हात राखला नाही. पट्ट्या त्याच्या डोळ्यांदेखत वाकल्या, जोड जिथल्या तिथे राहिला.

तिने त्याच्या पाठीवर थाप मारली. "आजपासून तू ताई."

मुलाचा चेहरा उतरला. त्याने व्हाइस सैल केला, पट्ट्या काढल्या आणि खिडकीशी नेऊन उलटसुलट करून पाहिल्या.

"कुठे तुटला?" त्याने विचारलं.