वाचनमिञ

सातवीतल्या प्रत्येकीला पहिलीचं एकेक पोर वाचन शिकवायला दिलं होतं. माझ्या वाट्याला गोदू आली. या उपक्रमाच्या उद्घाटनाला बिल्डर शेठ आले, पनवेलहून बॅनर छापून घेऊन. त्यावर अक्षरं बोटभर, शेठचा फोटो पुरुषभर. पुस्तक मात्र एकही आणलं नव्हतं. “वाच गं, काय लिवलंय?” शेठनी विचारलं. गोदूनं अक्षरं जुळवली, “वाचन… मि… ञ.” सर खेकसले, “मित्र! अंकिता, हेच शिकवलंस हिला?” “नाय सर,” गोदू म्हणाली, “यो झच्या नंतरचा ञ हाय. मित्राचा त्र येगला असतो.” सरांनी बॅनर नीट पाहिला, शेठकडे बघून दात काढले आणि गोदूला म्हणाले, “शेठनी छापलाय ना? मग तो त्रच.” टाळ्या वाजल्या. नंतर जोड्यांचा तक्ता भरायचं काम सरांनी माझ्यावर ढकललं. ‘शिकवणारा’ रकान्यात मी गोदूचं नाव लिहिलं, ‘शिकणारा’ रकान्यात सरांचं.