धाकूमामांचं नाव

जे गाणं प्रत्येक स्पीकरवर तितकंच चांगलं वाजतं तेच खरं गाणं, असं टिटवाळ्यात स्टुडिओ थाटलेल्या ऋतुराजचं तत्त्व होतं. हितेशच्या हळदीसाठी त्याने केलेलं गाणं मात्र आधी नवरदेवाचे मामा, धाकूमामा, पास करणार होते. मोबाइलवर ऐकून ते म्हणाले, "ढोल झ्याक हाय, पन मामाचा नाव कुठं गेला रं?"

ऋतुराजने नावाचा आवाज वाढवला, तर ते गाडीच्या स्पीकरवर दबलं. गाडीत सुधारलं, तर डीजेवर बुडालं. चौथ्या दिवशी मामा तिन्हीकडे खणखणीत ऐकू आले आणि ऋतुराज तृप्त झाला.

हळदीला अख्खा मांडव नाचला. नाचता नाचता हितेशने ऋतुराजला विचारलं, "भावा, माझं नाव कधी येतं रे?"

ते रेकॉर्ड करायचं राहिलं होतं.