दोन शाळा, एक पृथ्वी

शिक्षण खात्याने दोन शाळांना मिळून पृथ्वीचा एकच गोल दिला होता. दर शनिवारी बसथांब्यावर तो या शाळेच्या सरांकडून त्या शाळेच्या बाईंकडे जायचा, नाहीतर बाईंकडून सरांकडे. पृथ्वी नाजूक असल्यामुळे देवाणघेवाणीला दोन-तीन बस सुटेपर्यंत वेळ लागायचा.

एके दिवशी खात्याचे साहेब नवाकोरा दुसरा गोल घेऊन बाईंकडे आले. बाईंचा चेहराच पडला.

“परत न्या, साहेब. आमची जुनीच पृथ्वी अजून शिकवून व्हायचीय.”

साहेब चक्रावून सरांकडे गेले.

“नको हो!” सर घाबरून म्हणाले. “मग शनिवारी मी काय करू?”

खात्याने काटकसरीबद्दल दोघांचा सत्कार केला. पुढच्या वर्षी बचत आणखी वाढली. दोन शाळांना मिळून शिक्षकांचं सरकारी घरही एकच पुरलं.