पाझर

"आबा, लीक होतंय लाह!" इरानं ट्रेमधल्या मातीच्या बांधाला अंगठा लावला.

"आधी अंगठा काढ," आबा म्हणाले.

वुडलँड्समधल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, फरशीवर वर्तमानपत्रं पसरून आजोबा आणि नात बसले होते. इराला शाळेच्या प्रोजेक्टसाठी मातीचं धरण करायचं होतं, आणि आबांची बरीचशी नोकरी गावाकडच्या एका लहानशा मातीच्या धरणावर देखरेख करण्यात गेली होती. अशी विद्यार्थिनी समोर असताना त्यांना जेवणाची आठवण कुठली? शनिवारची दुपार, इथे परदेशात साडेबारा वाजत आले होते, म्हणजे गावाकडे दहा.

इरानं अंगठा काढला. बांधाच्या पायथ्यातून पाण्याची बारीक धार सुटली.

"मातीचं धरण पाझरणारच. पाझर कधी बुजवायचा नाही. तू इथे बुजवलास, की पाणी आतल्या आत दुसरी वाट काढतं आणि जाताना माती खात जातं. आपण पाण्याला जाऊ द्यायचं, मातीला धरून ठेवायचं." त्यांनी धारेवर मूठभर वाळू दाबली, वाळूवर फिश टँकमधले खडे रचले. "आता बघ."

"क्लिअर आलं!"

"निवळ आलं, तर धरण ठीक. आणि गढूळ आलं तर?"

"तर रन!"

"शहाणी माझी."

तेवढ्यात फोन वाजला. धरणावरचा चौकीदार बबन. आबा निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी धरण भरलं की तो व्हिडिओ कॉल करायचाच.

"रामराम साहेब! काठोकाठ भरलंय. सांडव्यावरून हातभर पाणी चाललंय. आणि ह्या कोण, छोट्या साहेब का? बघा बाई, तुमच्या आजोबांचं धरण!"

इरानं हात हलवला. बबनच्या मागं हिरवागार बांध दिसत होता, आणि खालच्या अंगाला वस्तीची नि शाळेची कौलं.

"सोमवारी पाहणी आहे साहेब. मोठे साहेब येणार. म्हणून एक काम करून टाकलंय. दाखवतोच." त्यानं फोन एका दगडाला टेकवून ठेवला आणि समोर जाऊन बांधाच्या पायथ्यावर थाप मारली. हिरवळीत सिमेंटचा पांढुरका चौकोन होता. "आपला जुना पाझर. बंद! आज आठवा दिवस. एक थेंब नाही."

आबांच्या हातातली वाळू ट्रेमध्ये सांडली.

"बबन, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? तुम्हीच की!" बबन हसला. "पाहणीला ओल दिसता कामा नये, म्हणायचात. तेव्हा आपण वर माती ओढून हरळी लावायचो, आणि साहेबांची गाडी वळली की उकरून काढायचो. म्हटलं, दरवेळी कशाला तो व्याप? पक्कंच करून टाकलं."

इरानं आबांकडे पाहिलं. आबांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"सिमेंट फोडू नकोस," ते हळू म्हणाले. "पायथ्यानं चालत जा आणि आणखी कुठं ओल दिसते का, ते—"

"आबा," इरा म्हणाली. तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "अंकलच्या पायामागे. दॅट वन मडी."

चौकोनापासून दोन हातांवर गवत हलत होतं. वारा नव्हता. गवताच्या मुळातून चहाच्या रंगाचं पाणी येत होतं, बोटाएवढं.

"बबन, शाळा भरलीय?"

"शनिवार ना साहेब, सकाळची शाळा. आता दहा वाजले असतील, साडेअकराला सुट—"

"पळ! घंटा दे! पोरांना टेकाडावर ने, रस्त्यानं नको. वस्तीला हाका मार."

बबननं वळून मागं पाहिलं. मग तो फोनकडे आला.

"फोन राहू दे! पळ!"

तो पळाला. त्याच्या चपलांचा आवाज लांब गेला आणि स्क्रीनवर नुसता बांध उरला. शाळेतल्या कुणाचाच नंबर आबांकडे नव्हता. सात वर्षांत सगळे बदलून गेले होते.

"आता माझ्या अंगठ्याएवढं झालं," इरा म्हणाली.

आबा स्क्रीनवर आणखी वाकले.

"आता तुमच्या हाताएवढं."

गवताचा एक गड्डा सुटून वाहून गेला. पाण्याला आता आवाज आला होता. सिमेंटचा चौकोन मात्र कोरडा ठणठणीत, जागच्या जागी होता.

आणि मग लांबून घंटा ऐकू आली. शाळेच्या झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा. कुणीतरी जीव तोडून बडवत होतं. इरानं आबांची बाही घट्ट धरली. तिचे ओठ हलत होते.

वरून मातीचा एक ढलपा कोसळला. दगड हलला, फोन आडवा झाला, क्षणभर आभाळ दिसलं. मग सगळं तपकिरी झालं आणि कॉल तुटला.

आबांनी पुन्हा लावला. फोन लागेना. पुन्हा लावला.

ट्रेमधलं छोटं धरण खड्यांच्या खालून निवळ पाणी सोडत होतं.

"आबा, घंटा फर्स्ट वाजली ना? पाणी आफ्टर?"

"हो. घंटा आधी."

"मी काउंट केलं," इरा म्हणाली. "नाइन टाइम्स."

पाऊस, पाण्याची पातळी, पाझर – आबांनी आयुष्यभर सगळं मोजलं होतं. नऊ टोल्यांत पहिलीतली मुलं किती लांब जातात, हे त्यांनी कधी मोजलं नव्हतं.