तिसऱ्या मजल्यावरचा बॅसेट

"वहिनी, राग मानू नका, पण तुमचा कुत्रा दुपारी फार रडतो हो."

शेजारची नर्स दारात उभी होती. त्याच आठवड्यात तिला रात्रपाळी लागली होती आणि ती दिवसा झोपू बघत होती. "भुंकला असता तर कानात बोळे घातले असते. पण हे रडणं ऐकवत नाही. डॉक्टरला तरी दाखवा."

सून ओशाळली. कुत्रा अजून घरचा झालाच नव्हता. नवऱ्याचा एक सहकारी परदेशी निघाला होता, त्याचा हा बॅसेट हाउंड. रविवारपर्यंत ठेवून बघा, जमलं तर तुमचा, नाहीतर दुसरीकडे देतो, असं बोलणं झालं होतं.

घरात एकमत होत नव्हतं. कुत्र्याचे पाय वीतभर, अंग मात्र लांबच लांब. पाणी प्यायला वाकला की आधी कान भिजायचे, मग ते कान घरभर ओघळ काढत फिरायचे. मुलीने त्याचं नाव 'बाकडं' ठेवलं होतं आणि शाळेतून आली की ती त्याच्याशेजारी फरशीवर आडवी व्हायची. नवरा सकाळ-संध्याकाळ त्याला उचलून जिने चढत-उतरत होता आणि नंतर कंबर धरून बसत होता. इमारतीला लिफ्ट नव्हती.

"जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या," सासरे म्हणायचे, "आणि माझ्या नशिबी हे जिने. बाकड्या, तुझी तर आणखीच गंमत. देवाने तुला करायला घेतलं आणि पायांपाशी आल्यावर सामान संपलं बघ."

सगळे हसायचे. जेवताना हसवायचं काम सासऱ्यांचंच. सासूबाई गेल्यावर ते आपलं घर आवरून इकडे आले होते. गुडघे पार कामातून गेलेले. मुलाच्या खांद्यावर हात टाकून एकदा वर चढले, ते चढलेच. कुत्र्याबद्दल विचारलं तर म्हणायचे, "मला काय, दुपारी सोबत होते. तुमचं तुम्ही बघा."

सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दुसऱ्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बाकड्याला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी त्याचे कान उलटे करून पाहिले, पाठीच्या कण्यावरून बोटं फिरवली.

"तब्येत झकास आहे. कितव्या मजल्यावर राहता?"

"तिसऱ्या. लिफ्ट नाही."

"दिवसा घरी कोण असतं?"

"सासरे असतात. पण त्यांना जिना उतरवत नाही."

"मग स्पष्टच सांगतो. तुमचं घर याच्यासाठी नाही." डॉक्टर हात पुसत म्हणाले. "एवढ्या लांब पाठीला जिने सोसत नाहीत, आणि उचलून कोण किती वेळा नेणार? वर नुसता बसवून ठेवलात तर कुढेल. बरं, हा तक्रार करणाऱ्यातला नाही. त्यामुळे तुमच्या लक्षातही यायचं नाही."

म्हणजे प्रश्न मिटला. तिला थोडं हलकंही वाटलं. ते धूड दोन्ही हातांवर तोलत, मजल्यामजल्यावर दम खात ती वर आली. पर्समधून किल्ली काढणार, तोच दाराआडून आवाज आला.

रडण्याचा. दबका नव्हता. घरात दुसरं कोणी नाही अशी खात्री असलेल्या माणसाचं ते मोकळं, लांबलेलं रडणं होतं.

बाकडं तिच्या हातांत होतं. दाराकडे मान वळवून तेही ऐकत होतं.

तिने किल्ली वाजू दिली नाही. आल्या पावली ती एक मजला खाली उतरली आणि कुत्र्याला मांडीशी घेऊन पायरीवर बसली. जरा वेळाने तिने घरी फोन लावला.

"बाबा, आम्ही खाली पोहोचलोय. चढायला वेळ लागेल जरा. चहा टाकता का?"

"टाकतो की!" आवाज खणखणीत होता. "सावकाश या. बाकड्याला म्हणावं, तुझ्यासाठी दूध ठेवलंय."

मग तिने नवऱ्याला फोन केला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "काय म्हणाले डॉक्टर?"

"आपलं घर त्याच्यासाठी नाही म्हणाले. खाली उतरता येणार नाही, आत बसून कुढेल म्हणाले."

"मग झालं तर. रविवारी परत देऊन टाकू."

"देऊ. आणि बाबांना कुठे परत द्यायचं?"

"म्हणजे?" मग तिने दाराबाहेर काय ऐकलं ते सांगितलं. संध्याकाळी घरी येताना तो घरं दाखवणाऱ्या एजंटकडे जाऊन आला.

रविवारी सासऱ्यांना एकेक पायरी करत खाली आणलं. "फिरायला जायचंय" एवढंच त्यांना सांगितलं होतं. टॅक्सी तीन गल्ल्या पलीकडे एका बैठ्या घरापुढे थांबली. घर आत्ताच्यापेक्षा एक खोली लहान होतं आणि स्वयंपाकघर अंधारं. एजंट मोरीतला नळ सोडून पाण्याचा जोर दाखवत होता. भांडी कुठे मावतील याचा हिशोब सून मनात करत होती.

"आजोबा कुठे गेले?" मुलीने विचारलं.

पुढचं दार सताड उघडं होतं. सासरे पार कोपऱ्यापर्यंत पोहोचले होते. एका हाताने कुंपणाचा आधार घेत, दुसऱ्यात पट्टा धरून हळूहळू चालले होते आणि बाकडं पुढे, कान रस्त्यावर लोळवत.

"बाबा!" हाक मारायला मुलगा पुढे झाला. सुनेने त्याचा दंड धरला.

"जाऊ दे," ती म्हणाली. "कुणाला न विचारता निघालेत."